आखाजीचं पाणी

जळगाव, २ मार्च २०२५

तीर्थरूप पुनामामांस,
राकेशचा शिरसाष्टांग नमस्कार.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही, आणि सारिकाअक्का मध्ये बोलली की निम्मे बोलणे तिचेच होते. म्हणून कागद लिहीत आहे.

मामा, मी होडी घेतली. शिडाची. आईखेरीज अजून कोणाला सांगितलेले नाही. आमच्या फायबरच्या टाक्यांच्या कारखान्यातून मालकांनी मला हिवाळ्यात वसईला पाठवले होते. तिथे खाडीकाठच्या एका यार्डात होड्यांची फुटकी बुडे सांधायचे काम होते. त्यांत ही होती. पांढरी, बावीस फुटी, एक डोलकाठी, मागे लावायचे छोटे इंजिन. तिचे म्हातारे मालक आता होडीत चढू शकत नाहीत. बूड सांधून झाल्यावर ते म्हणाले, तूच घे. मी हो म्हणून बसलो. तेव्हापासून अन्न गोड लागत नाही.

ती आपल्या गावी तापीच्या फुगवट्यात आणायची आहे. पूल झाला आणि वडिलांची नाव काठावर कुजली, ते तुम्ही पाहिलेच. आता बॅरेजमुळे उन्हाळ्यातही पाणी उभे असते. रविवारी लोक ते बघायला येतात आणि शेव खाऊन परत जातात. त्यांना शिडाच्या होडीतून फिरवावे असे मनात आहे.

पण आई म्हणते, "ट्रकवरून आणशील तर ती टाकीच. पाण्यातून आणशील तर नाव." तिचे खरे आहे. जी मी स्वतः कधी चालवली नाही, तिच्यात दुसऱ्याची लेकरे कशी बसवू? म्हणून वसईहून किनाऱ्याकिनाऱ्याने वर जायचे, तापीच्या मुखातून आत शिरायचे आणि सुरतेजवळ मगदल्ल्याला लागायचे, असे ठरवले आहे. पुढे बंधारा आणि उकाई धरण, त्यामुळे तिथून घरापर्यंत ट्रेलर. पावसाळ्यापूर्वी, एप्रिलमध्येच, यार्डातली जागा रिकामी करून द्यायची आहे.

तुम्ही सुरतेच्या गलबतांवर आयुष्य काढलेत. मला पोहता येते, पण नदीतले. तरी मार्ग सांगावा. तुम्ही बरोबर याल का, हे विचारायचे धाडस होत नाही, म्हणून विचारत नाही.

आपला आज्ञाधारक भाचा,
राकेश


धुळे, ९ मार्च

चिरंजीव राकेशला पुनामामाचा आशीर्वाद.

अक्षर सारिकाचं आहे. मी बोलतो, ती लिहिते. एकही शब्द गाळायचा नाही असं तिला सांगितलंय.

(गाळणार नाही. मध्ये घालणार. – सारिका)

विचारत नाही असं लिहून विचारलंस. येतो.

वसईहून वर जाताना दुपारचा वारा तोंडावर असतो. पहाटे जमिनीवरून सुटतो तो आपला. उजाडायच्या आत शीड चढवायचं आणि ऊन चढायच्या आत एखाद्या खाडीत शिरून नांगर टाकायचा. सातपाटी, डहाणू, दमण. एका दिवसात मोठा पल्ला मारू म्हणणारा माणूस समुद्रावर फार दिवस टिकत नाही.

आधी सगळं कागदावर मांड. त्याशिवाय तुला चैन पडायचं नाही, तू तुझ्या बापावर गेलायस. तो नदी ओलांडायच्या आधी दोरखंड तीनदा बघायचा. आणि शीड इकडे पाठव. जुन्या शिडाला हात लावल्याशिवाय मी होडीत पाय ठेवत नाही. शिवायचं असेल तर सारिकाचं मशीन आहे.

(राकेश, माझं मशीन ब्लाउज आणि पिको-फॉलचं आहे. आणि आबा कुठेही येत नाहीत. वय अडुसष्ट. लहानपणी दर आखाजीला गल्लीभर झोके बांधलेले असायचे, पोरी गाणी म्हणायच्या, आणि माझी आई दाराकडे तोंड करून बसायची. हे उगवायचे ते पावसाळा दारात आला की. आई गेली. आता कुठे माणूस घरात दिसायला लागलाय, तर तू होडी घेतलीस. – सारिका)

काळजी करू नको. ती लिहिते तेवढी रागीट नाही.

(आहे.)

तुझा मामा


जळगाव, १६ मार्च

तीर्थरूप मामांस शिरसाष्टांग नमस्कार.

शीड डाळमिलच्या टेम्पोतून पाठवले आहे. घडी घालून वर गोणपाट शिवले आहे. ड्रायव्हरला हळद, तिखट किंवा तेलाजवळ ठेवू नये असे सांगितले आहे, आणि ते कागदावर लिहून गोणपाटाला टाचलेही आहे.

सोबत प्रवासाचा आराखडा जोडला आहे. प्रत्येक दिवसाचा पल्ला, थांबायची खाडी, जवळचा दवाखाना, पोलीस चौकी, पिण्याचे पाणी. बंदर खात्याची परवानगी यार्डवाले काढून देत आहेत. जीवरक्षक जाकिटे मी घेतली आहेत आणि घालून आमच्या टाक्यांच्या हौदात उतरून पाहिली आहेत. बरोबरचे कामगार फार हसले. हर्षल म्हणाला, "टाकीत बुडायचा सराव करतोय." जाकीट तरंगते, हे महत्त्वाचे.

मला सर्वांत जास्त भीती शेवटच्या टप्प्याची वाटते. सबंध प्रवास समुद्रातून, पण शेवटी तापीत शिरताना आपण प्रवाहाच्या उलट जाणार. म्हणून इंजिनाच्या पेट्रोलचा हिशेब त्याप्रमाणे धरला आहे, आणि नदीला जोर कमी असताना, म्हणजे सकाळी, शिरायचे ठरवले आहे. दिवस शनिवार, २६ एप्रिल. दुसऱ्या दिवशी अमावास्या लागते, त्याच्या आत आपण मगदल्ल्याला पोहोचलेले असू.

एक विचारायचे राहिले. तुमची पत्रे पूर्वी तुमच्याच हातची असत. हाताला काही झाले का?

आपला,
राकेश


धुळे, २५ मार्च

चिरंजीव राकेश,

सारिकाने तुझा आराखडा दोनदा वाचून दाखवला. दवाखाने आणि चौक्या मला पाठ झाल्या. तुना कागदमा बठ्ठं शे, वारा नही. सगळं लिहिलंस, पण वारा सुटला नाही तर काय करायचं, ते त्यात कुठेच नाही. सुटला नाही तर बसायचं. ते लिहून ठेव, म्हणजे तुला परवानगी मिळाल्यासारखं वाटेल.

आता तापीचं. मी इतका हसलो की शेजारची कुंदाबाई काय झालं म्हणून बघायला आली. अरे, आपल्याकडे तापी एकाच बाजूला जाते, मावळतीला. मुखाशी तसं नाही. तिथे समुद्र भरला की पाणी मुखातून आत शिरतं आणि नदी मागे फिरते. भरतीला ती मगदल्ल्याकडे वाहते, ओहोटीला समुद्राकडे. तू सकाळी ओहोटीत शिरला असतास तर सगळं पेट्रोल जाळून जागच्या जागी उभा राहिला असतास.

दुसरं, मुखाशी गाळाचे बांध आहेत. लहान भरतीला होडी त्यांच्यावर बसते. पाणी मोठंच हवं, आणि ते अमावास्येला आणि तिच्या मागून येतं. तेव्हा तू जो दिवस टाळलायस तोच धर. अमावास्येच्या दुपारी भरतीबरोबर आत शिर. इंजिन बंद ठेवलंस तरी नदी तुला घेऊन जाईल.

हाताला काही झालेलं नाही. हात कंटाळला.

(शीड आलं. दुकानात कोपऱ्यात पडलंय. मी शिवणार नाही. न शिवलेल्या शिडाने कोणी कुठे जात नाही, एवढं मलाही कळतं. – सारिका)

मामा


जळगाव, १ एप्रिल

तीर्थरूप मामांस शिरसाष्टांग नमस्कार.

माझी चूक मला दोन दिवस लागली पचायला. समुद्राला भरती असते हे शाळेत शिकलो. सातवीच्या भूगोलात उधाणाची भरती आणि भांगाची भरती, आकृतीसह. ती नदीतही शिरते, हे आकृतीत नव्हते. आणि तापीकाठी जन्मून मला वाटत आले की तापी मला माहीत आहे.

पाडव्याला गावी गेलो होतो. आईला तुमचे म्हणणे सांगितले. ती पुरणाचा हात धुऊन आली आणि म्हणाली, "अमावास्येला नवी नाव दारात? पुनाला समुद्राचं पाणी चढलंय." मी उधाण समजावले, पाटावर पिठाने आकृती काढली. तिने ऐकून घेतले आणि पीठ गोळा करून डब्यात टाकले. तिचे म्हणणे एकच, नाव आखाजीलाच यायची. साडेतीन मुहूर्तांतला एक आहे, पंचांग बघायलाही लागत नाही, आणि आखाजीला घरची लेक घरी येते.

पंचांगात आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, ३० एप्रिलला आहे. म्हणजे अमावास्येनंतर. तोपर्यंत मोठे पाणी ओसरले तर? आईला दुखवता येत नाही आणि बांधावर होडी बसवता येत नाही. काय करावे ते कळवावे. मी यार्डवाल्यांना अजून तारीख दिलेली नाही.

आपला,
राकेश


धुळे, ६ एप्रिल

चिरंजीव राकेश,

कलाबाईला, तुझ्या आईला, माझा नमस्कार सांग आणि म्हणावं, मी हरलो. मोठ्यात मोठं पाणी अमावास्येच्या दिवशी येतच नाही. ते एक-दोन दिवस उशिरा येतं आणि तिजेला, म्हणजे आखाजीला, अंगात असतं. मला हे माहीत होतं, पण मी दिवस लवकरचा धरला. म्हाताऱ्याला घाई असते. पंचांग काय आणि समुद्र काय, दोघं एकाच चंद्राचे नोकर.

असं कर. अष्टमीच्या सुमारास वसईहून निघू. तेव्हा पाणी भांगाचं असतं, खंबातच्या आखाताची ओढ मंद असते. दमणला पोहोचून नांगर टाकायचा आणि अमावास्या बसून काढायची. आखाजीला दमणहून भरती धरायची आणि तिच्या पाठीवर बसून तापीत.

मामा

(वेगळी चिठ्ठी, याच पाकिटात)

राकेश, हे त्यांना न वाचून दाखवता लिहितेय.

त्यांच्या हाताला काही झालं नाही, डोळ्यांना झालंय. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, डावा पूर्ण पिकलाय. उजव्याने त्यांना मी दारात उभी आहे एवढं कळतं, मी की कुंदाबाई ते नाही. ऑपरेशनची तारीख मे महिन्यातली आहे. तुला कळवायचं नाही म्हणून मला शपथ घातली. तुझा आराखडा मी वाचून झाल्यावर हे तो हातात धरून मान हलवत होते, आणि कागद उलटा होता.

तू ज्याच्या भरवशावर समुद्रात उतरतोयस, त्याला समुद्र दिसणार नाही. आता तूच ठरव.

सारिका


जळगाव, १० एप्रिल

तीर्थरूप मामांस नमस्कार.

यार्डवाल्यांनी पाण्यातून न्यायला नाही म्हटले. म्हणून होडी वसईहून ट्रकनेच आणत आहे. आपण घेतलेल्या त्रासाबद्दल आभारी आहे.

राकेश


जळगाव, १० एप्रिल

सारिकाअक्का, नमस्कार.

मामांच्या पाकिटात खोटे आहे, इथे खरे लिहितो. यार्डवाले नाही म्हणालेले नाहीत. मीच नाही म्हणतो आहे.

त्याहून खरे असे की, ट्रकवाल्याशी मी मार्चमध्येच बोलून ठेवले होते. तुमची पत्रे येत होती, मी आराखडे करत होतो, आणि दर सोमवारी ट्रकवाल्याला फोन करून "अजून नक्की नाही, पण गाडी राखून ठेवा" असे सांगत होतो. मामांचे तापीचे पत्र आले तेव्हा फोन करायचे थांबवले. तुझी चिठ्ठी वाचून पुन्हा केला. खरे तर वाचून वाईट वाटायच्या आधी मला हायसे वाटले, आणि त्याचे मला फार वाईट वाटले.

शीड परत पाठवू नको. गावी आल्यावर मीच सावकाश शिवीन. ट्रकला शीड लागत नाही.

राकेश


धुळे, १५ एप्रिल

राकेश,

आज आधी मी, मग ते.

तुझं पत्र त्यांना वाचून दाखवलं. कागद माझ्या हातातून घेतला, बोटांनी चाचपला आणि म्हणाले, "खोटं आहे. यार्डवाला नाही म्हणाला असता तर राकेशने त्याचं नाव, गाव, तो कुठे उभा होता आणि काय खात होता, सगळं लिहिलं असतं. तीन ओळींत राकेश कधी मावतो का?" मग मला विचारलं, "तू कळवलंस?" मी हो म्हटलं. रागावतील असं वाटलं होतं. ते जेवले आणि पडून राहिले.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी बाजारातून आले तर दुकानाची फरशी दिसत नव्हती. सगळीकडे शीड. हे त्यावर गुडघे टेकून बसलेले, हातात माझा खडू, आणि शिवणीवरून बोटं फिरवत जिथे दोरा कुजलाय तिथे खूण करत होते. मी प्रत्येक खूण उजेडात नेऊन पाहिली. सगळ्या बरोबर. एक तर मला दिसलीच नव्हती, त्यांच्या नखाला लागली. मी विचारलं, "आबा, भीती नाही वाटत?" ते म्हणाले, "वाटते ना. तू शिवणार नाहीस याची."

शिवलं. मशीनच्या सुया मोडल्या, मग कडा हाताने शिवल्या. गिऱ्हाइकांचे ब्लाउज राहिले, मोनाली नावाच्या एका नवरीची मी शिवी खाल्ली.

माझ्या अटी. दमणपर्यंत तिकडचा एखादा जाणता मच्छीमार बरोबर पाहिजे. जाकीट अंगावरून काढायचं नाही, झोपतानासुद्धा. काही वेगळं वाटलं तर किनारा धरायचा आणि मला फोन करायचा. मेमध्ये ऑपरेशन, तेव्हा नाटकं नाहीत. आणि त्यांना आखाजीला जमिनीला लावायचं. एक तरी आखाजी.

आता त्यांचं लिहिते:

राकेश, मला दिसत नाही, तुला दिसतं. मला माहीत आहे, तुला माहीत नाही. दोघांचा मिळून एक खलाशी होतो. पुरे आहे. ट्रकवाल्याला सांग, मगदल्ल्याला ये.

मामा


दमण, २७ एप्रिल, अमावास्या

सारिकाअक्का, नमस्कार.

फोनवर तुला फक्त "पोहोचलो" सांगितले, कारण मामा शेजारी होते आणि बाकीचे सगळे त्यांच्या कानाशीही ओरडून सांगावे लागले असते.

पहिल्या दिवशी मला इतक्या उलट्या झाल्या की दवाखान्यांची यादी चाळली. मामा म्हणाले, "यादी खाली ठेव आणि आभाळ जिथे पाण्याला टेकतं तिथे बघ. तुला दिसतं ना, मग बघ की." बघितले. तासाभराने पोट थांबले. त्यांनी मला हसायला पाहिजे होते, पण ते गूळ-शेंगदाणे खात बसले.

आमची पद्धत अशी ठरली आहे. सुकाणू मामांच्या हातात, वारा त्यांच्या गालावर. शीड फडफडायच्या आधीच त्यांना कळते. मी मागे बसून बघतो. सांगायचे तर ओरडावे लागते. सातपाटीच्या बंदरात शिरताना आमचा मार्ग सगळ्या कोळणींना पाठ झाला. मग मी खांद्यावर हात ठेवायला लागलो. उजवा दाबला की उजवीकडे, डावा दाबला की डावीकडे, दोन्ही दाबले की पुढे काहीतरी आहे. डहाणूनंतर त्यांनी माझा हात सुकाणूवर ठेवून घेतला आणि वर आपला ठेवला. दमणच्या अलीकडे त्यांचा हात होता की नव्हता, मला आठवत नाही.

वारा एक दिवस सुटला नाही. बसलो. ते आराखड्यात लिहिलेले होते.

आमच्याबरोबरचे वसईचे मच्छीमार काका कबूल केल्याप्रमाणे आज परतले. जाताना त्यांनी शिडाची शिवण बघितली आणि कोणी शिवली ते विचारले. मी सांगितले.

आज आईसाठी हललो नाही. इथले पाणी बघत बसतो. सकाळी होड्या चिखलात आडव्या पडलेल्या असतात, दुपारी त्याच माणसाच्या डोक्यावर उभ्या. तीन दिवसांनी आम्ही दोघेच त्या पाण्यावर बसणार. भीती गेलेली नाही, अक्का. पण ट्रकवाल्याला फोन केला तो पत्ता सांगायला.

राकेश


मगदल्ला, ३० एप्रिल, आखाजी

सारिकाअक्का, नमस्कार.

होडी मगदल्ल्याला आहे. मामा काठावर बसून चहा पीत आहेत. जाकीट अजून अंगात आहे. मी काढा म्हटले तर म्हणाले, सारिकाला विचार.

ओहोटी संपताना दमणहून निघालो. भरती लागली तशी होडी कोणी दोरीने ओढावी तशी निघाली. किनारा मागे पळत होता. मोठी जहाजे दिसली की मी दोन्ही खांदे दाबायचो आणि मामा बाजूला घ्यायचे. दुपार कलली तेव्हा पाणी गढूळ झाले आणि दोन्हीकडे सारखेच दिसू लागले. मुख कुठले आणि बांध कुठला, मला कळेना. मी दोन्ही खांदे घट्ट धरून बसलो. मामा म्हणाले, "दाबतोस किती? काय दिसतं ते सांग." मी त्यांच्या कानाशी ओरडलो, "काहीच नाही."

"मग आता माझी पाळी," म्हणाले आणि सुकाणू माझ्याकडे दिले. त्यांच्याकडे लांब दोरीला बांधलेला शिशाचा गोळा आहे. त्याच्या बुडाला मेण लावतात आणि तो तळाशी सोडतात. दोरी खोली सांगते आणि मेणाला तळ चिकटून येतो. पहिल्यांदा वाळू आली. त्यांनी थुंकी लावून चोळली आणि होडी उजवीकडे घ्यायला सांगितली. पुन्हा वाळू. तिसऱ्यांदा चिखल आला, काळा, चिकट. तो त्यांनी अंगठा आणि बोटामध्ये बराच वेळ धरून ठेवला. मग माझ्या तळहातावर लावला. अक्का, पेरणीआधी पायाला चिकटते ती माती. कपाशीची. धरण व्हायच्या आधी कधीतरी पुरात वाहून गेलेली, आमच्या नाहीतर कोणाच्या तरी शेतातली.

"याच्यावरूनच चल," म्हणाले. "ही वाट नदीने केलेली आहे."

मी सुकाणू सरळ धरले आणि इंजिन बंद केले. आणि तापी आम्हाला घेऊन उगवतीकडे निघाली. मी आयुष्यात पहिल्यांदा तिला आपल्या गावाकडे वाहताना पाहिले.

आता कामाचे. हा कागद आज रात्रीच्या धुळ्याच्या बसच्या कंडक्टरकडे देत आहे, सकाळी तुझ्या हाती पडेल. ट्रेलर उद्या सकाळी इथून निघेल. दुपारपर्यंत धुळ्याच्या बायपासला येईल, तिथे आम्ही थांबतो. आखाजीला लेकीला आणायला घरचा माणूस जातो. तू मामांच्याच घरी राहतेस, म्हणून तुला आणायला कधी कोणी आले नाही. या वर्षी होडी येते आहे. दुकान बंद करून ये. आईने पुरण राखून ठेवले आहे. गावी पाण्यात डोलकाठी उभी केली की शिडाच्या आडव्या काठीला तुझा झोका बांधतो. काठी किती वजन पेलते ते मी आधीच बघून ठेवले आहे.

मामांनी मुखाशी हात धुतले नाहीत. चिखल बोटांवर वाळू दिला आणि मला एक वाक्य लिहायला सांगितले. ते त्यांच्याच शब्दांत लिहितो:

"सारिकाले लिख, औंदा आखाजीले मी घरच व्हतू."

राकेश